नळी हलवू नका

मी एक भोपळा बोलतोय. हसू नका. फुटबॉलमध्ये भोपळा कशाला म्हणतात ते मला ठाऊक आहे, आणि त्याचीही वेळ पुढे येणार आहे.

साल्तो शहराबाहेरच्या एका मळ्यात मी वेलीला लागलो. मला वाळवलं, आतून पोखरलं, काठाला पट्टी बसवून माझा पेला केला आणि बाजारात मांडलं. विल्मारच्या आईने मला उचललं. पोराची फुटबॉल क्लबच्या पहिल्या संघात निवड झाली होती ना!

तेव्हापासून अठरा वर्षं थर्मास विल्मारच्या काखेत आणि मी त्याच्या हातात. त्याला सगळे लुकड्या म्हणत. सामन्याआधी तो माझ्यात माते भरायचा. हा आमचा हिरव्या पाल्याचा काढा. पहिला कडूजहर घोट तो स्वतः घ्यायचा, मग माझ्यात खोचलेल्या त्याच एका नळीने मी सगळ्यांच्या ओठांना लागायचो. गोलरक्षक एल्बियो तर असा ओढायचा की थेंब उरायचा नाही. काय मजेचे दिवस होते!

मग विल्मारचा गुडघा गेला आणि क्लबने त्याला प्रशिक्षक केलं. झालं! कालचा लुकड्या आज 'सर' झाला. मंडळी दुसरा भोपळा घेऊन बाकाच्या पार त्या टोकाला बसू लागली. त्यातून पहिल्याच आठवड्यात त्याने एल्बियोला राखीव खेळाडूंत बसवलं. इतक्या जुन्या दोस्तांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य झालं, आणि त्यात माझा काहीच दोष नव्हता. विल्मार एकटाच मला भरायचा, एकटाच संपवायचा. मला फार वाईट वाटायचं. चार सामने झाले, चारही हरलो, आणि आमच्या गोलांचा भोपळा काही फुटेना. पाचवाही हरलो तर क्लबच्या अध्यक्षबाई दुसरा प्रशिक्षक आणणार होत्या.

पाचव्या सामन्याआधी खेळाडूंच्या खोलीत खडू सापडेना. विल्मार घाईघाईने डाव समजावत होता. बोलता बोलता त्याने माझ्यातली नळी उपसली आणि तिनेच जमिनीवर रेघा ओढू लागला.

आमच्याकडे माणूस एक वेळ स्वतःच्या लग्नाची तारीख विसरेल, पण भरल्या भोपळ्यातली नळी हलवणार नाही. सगळा चोथा वर येतो हो! विल्मारने हातातल्या नळीकडे पाहिलं आणि त्याचे कान लाल झाले.

एल्बियो उठला. मला धसकाच बसला.

"लुकड्या," तो म्हणाला, "आम्हाला हवं तिथे हलव. मला हलवलंस, तेही एक वेळ ठीक. पण नळी हलवायची नाही रे."

सगळे खो खो हसत सुटले. विल्मार तर डोळे पुसत हसत होता. मग त्याने मला नव्याने भरलं, पहिला घोट घेतला आणि मला एल्बियोच्या हातात दिलं. पाच आठवड्यांनी मी पुन्हा सगळ्यांत फिरलो.

सामना एक-एक बरोबरीत सुटला, पण भोपळा फुटला! अध्यक्षबाईंनीही येऊन मुकाट्याने माते मागितला.

आता एल्बियो विल्मारचा मदतनीस आहे आणि मला तडा गेलाय. दर हंगामाच्या पहिल्या दिवशी नवे खेळाडू अंग चोरून कोपऱ्यात बसतात. मग विल्मार खडू सापडत नाही म्हणतो आणि माझी नळी उपसतो. एल्बियो बोंब ठोकतो, नवेजुने सगळे हसतात आणि एकमेकांना खेटून बसतात. खडू विल्मारच्या खिशातच असतो, मला दिसतो.

नळी उपसली की तडा थोडा वाढतो. वाढू दे. मी फुटलो की नवा भोपळा आणा. फक्त, बाबांनो, कुणाला एकट्याला पिऊ देऊ नका.