किरकोळ म्हणून जाळलेल्या नळ्या

मी एक जुना फ्रीझर आहे, मित्रांनो. आइस्क्रीमच्या आशेने जवळ येऊ नका. माझ्या पोटात माणसांचं रक्त असायचं, इवल्याशा नळ्यांत गोठवलेलं.

कारखान्यातून निघालो तो थेट एका संशोधन संस्थेत आलो. तिथल्या मुख्य संशोधक, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, जननेंद्रियांच्या हर्पिसवर लस शोधत होत्या. हा विषाणू एकदा अंगात शिरला की मज्जातंतूंत दडी मारतो आणि मनात येईल तेव्हा फोड घेऊन वर येतो. औषधाने दबतो, मुळासकट जात नाही. बाईंनी निम्म्या रुग्णांना लस टोचली, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. चार वर्षांनी प्रत्येकाचं पहिलं आणि शेवटचं रक्त शेजारी ठेवून तपासायचं, मग लशीचा गुण कळणार होता.

त्रेसष्ट नंबरच्या नळ्या कपडे शिवणाऱ्या एका ताईंच्या होत्या. घरी अस्तर आणायला जाते म्हणून सांगायचं आणि इथे यायचं. खरं फक्त धाकट्या बहिणीला ठाऊक होतं, कारण तिलाही हेच दुखणं होतं.

"बाई, माझे फोड थांबलेत. लस चालली तर बहिणीला द्याल ना?"

"निकाल लागू दे हो. मलाही अजून काही माहीत नाही."

माझ्या दारावर आजाराचं नाव ठळक लिहिलेलं होतं. येणारे-जाणारे ते वाचून एकमेकांना कोपरखळ्या मारायचे. एकदा मोठे पाहुणे यायचे होते, तेव्हा व्यवस्थापकांनी त्यावर पट्टी चिकटवली, 'किरकोळ त्वचाविकार'. पाहुणे गेले, पट्टी तशीच राहिली.

पुढे चार वर्षं भरत आली, तपासणी तेवढी बाकी होती, आणि नव्या यंत्राला जागा हवी झाली. बाई आईच्या आजारपणामुळे रजेवर होत्या. कार्यालयातल्या मॅडम यादी घेऊन आल्या.

"मामा, ह्यात किरकोळच आहे ना? सगळं जाळायला पाठवा."

मामा म्हणजे प्रयोगशाळेचे जुने शिपाई. रोज मला पुसायचे, ह्याने कधी दगा दिला नाही म्हणायचे. आत काय आहे ते त्यांना पक्कं माहीत होतं. पण समोर लेकीच्या वयाच्या मॅडम. त्या आजाराचं नाव तोंडातून निघेना.

"मॅडम, ते जरा... बाईंना विचारलं असतं तर..."

"एवढ्याशासाठी रजेवरच्या माणसाला कशाला त्रास?"

मामांनी मान डोलावली. मला तर फक्त गारवा कमी झाला की भोंगा वाजवून ओरडता येतं. त्यांनी आधी नळ्या काढल्या आणि मग माझी वीज बंद केली.

पंधरा दिवसांनी ताई निकालाला आल्या. बाईंनी काही लपवलं नाही.

"मग परत घ्या की रक्त. हवं तेवढं घ्या."

"आजचं घेईन हो ताई. लशीच्या आधीचं कुठून आणू?"

ताईंनी पिशवी उचलली. "धाकटी घरी वाट बघतेय," एवढंच म्हणाल्या.

आता मी जिन्याखाली पडलोय, माझ्यात झाडू ठेवतात. त्याचं मला काही नाही. मित्रांनो, मला पुसू नका, रंगवू नका. पण एखाद्या आजाराचं नाव घ्यायची वेळ आली, तर ते घ्या. मामांनी घेतलं असतं तर त्यांची जीभ झडली नसती.