दोनशे अडुसष्ट

मित्रांनो, मी एक जुना ग्लुकोमीटर आहे. नाव भारदस्त असले तरी बिदर जिल्ह्यातल्या आमच्या संतपुरात मला या नावाने कुणी हाक मारत नाही. सगळे 'साखरेची मशीन' म्हणतात. मी तळहातात मावेल एवढा आहे. रंग निळा, पोटावर छोटासा पडदा. बोटाला टोचून निघालेला रक्ताचा थेंब माझ्या पट्टीला लावला की पाच सेकंदांत मी आकडा दाखवतो. एवढेच माझे शिक्षण. आकड्याला मीठमसाला लावणे किंवा माणसाचा चेहरा पाहून तो कमी करणे मला कुणी शिकवले नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे आम्हा हजारो भावंडांची परीक्षा घेतली गेली. साखर किती आहे ते आधीच ठाऊक असलेला एक पातळ द्रव आम्हाला पाजला गेला. ज्यांनी चुकीचा आकडा दाखवला त्यांची रवानगी लाल खोक्यात झाली. मी पहिल्याच फटक्यात बरोबर आलो. त्या गोष्टीचा मला अजून अभिमान आहे, आणि थोडा जास्तच आहे हे मी कबूल करतो.

सहा वर्षांपूर्वी प्रेमानंदने मला बिदरच्या औषधाच्या दुकानातून घरी आणले. त्याचे औरादला मोटारसायकल दुरुस्तीचे दुकान आहे. त्याची आई सावित्रीबाई. तिच्या पायाची जखम महिनाभर भरत नव्हती, तेव्हा तिला साखरेचा आजार असल्याचे कळले होते. प्रेमानंदची बायको पंचशीला बारावी शिकलेली. तिने माझ्याबरोबरचा कागद दोनदा वाचला आणि पहिले बोट स्वतःचे टोचून घेतले. सासूला किती दुखेल ते तिला आधी पाहायचे होते.

माझे सुरुवातीचे दिवस फार मानाचे गेले. दर रविवारी पंचशीला सावित्रीबाईचा आकडा वहीत लिहायची. गल्लीतल्या बायाही पदर सावरत येऊन बसायच्या. एकदा शेजारचे ज्ञानोबा ओट्यावर घामाघूम होऊन पडले. लोक वारा घालत होते, कुणी कांदा आणायला पळाले. पंचशीलाने मला आणले. मी अठ्ठेचाळीस दाखवले. साखर पार उतरली होती. तिने त्यांच्या तोंडात साखर-पाणी घातले आणि थोड्या वेळाने ते उठून बसले. त्यानंतर आठवडाभर गल्लीत माझाच बोलबाला होता.

पण सावित्रीबाईचे आणि माझे काही जमले नाही. तिचा आकडा वर वर जात राहिला. दोनशे, दोनशे तीस, दोनशे सत्तर. मी दाखवला की ती नाक मुरडायची. "हिला दुसरं काई येतंय का?" म्हणायची. डॉक्टरांनी इन्सुलिन सुचवले तेव्हा तिने साफ नकार दिला. एकदा सुई लागली की माणूस संपलं, हे तिच्या मनात घट्ट बसले होते. हळूहळू रविवारचे मोजणे बंद झाले. पट्ट्यांच्या डबीचे झाकण उघडे राहून पट्ट्या खराब झाल्या. मला भिंतीतल्या देवळीत, बंद पडलेल्या टॉर्चशेजारी ठेवून दिले गेले. तिथे मी दीड वर्ष काढले. मित्रांनो, कुणी रागावले तर सहन करता येते, विसरले की फार लागते.

सावित्रीबाईचे गुडघे आधीपासूनच दुखायचे, या काळात ते पारच गेले. चाळीस वर्षे तिने उकिडवे बसून दुसऱ्यांच्या शेतात खुरपणी केली होती. आता उजवा गुडघा वाकायचा नाही आणि वाकला तर सरळ व्हायचा नाही. आठ वर्षांपासून तिच्या वाट्याच्या सगळ्या रांगा तिची धाकटी बहीण सुमनबाई लावायची. रेशनची, म्हातारपणाच्या सरकारी पगारीची, गॅसची, पाण्याची. सुमनबाई विधवा, त्याच गल्लीत राहणारी, काटक बाई. अक्काचे कार्ड घेऊन ती सकाळीच निघायची. रांगेतल्या लोकांना त्यात काही वावगे वाटत नसे. आमच्याकडे एकाच्या रांगेत दुसरा उभा राहतोच.

शेवटी बिदरच्या एका दवाखान्यात गुडघा बदलायचे ठरले. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर हैदराबादहून महिन्यातून दोनदा यायचे. त्याआधी करायच्या तपासण्यांची लांबलचक यादी मिळाली. रक्त, लघवी, छातीचा फोटो, हृदयाची पट्टी, दातांची तपासणी. तुम्हाला वाटेल, गुडघ्याचा आणि दातांचा काय संबंध? संबंध आहे. किडलेल्या दातातले जंतू रक्तातून नव्या सांध्यापर्यंत जाऊ शकतात. आणि रक्तात साखर जास्त असली की जंतूंचे फावते, जखम भरत नाही.

सावित्रीबाईने बाकी सगळे मन लावून केले हे मला सांगितलेच पाहिजे. तिने दोन दाढा उपटून घेतल्या. तीस वर्षांची मिश्री एका दिवसात सोडली. गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून मांडी आवळायचा व्यायाम ती दिवसातून तीनदा करायची, दात-ओठ खाऊन करायची. तिला स्वतःच्या पायाने मोरीपर्यंत जायचे होते. सुनेने उचलून बसवावे लागते याची तिला मरणाची लाज वाटे. पण साखर काही ऐकेना. पहिल्यांदा रक्त तपासले तेव्हा डॉक्टरांनी परत पाठवले. तीन महिन्यांनी पुन्हा गेली, पुन्हा परत. "इन्सुलिन घ्या, साखर खाली आणा, मग या," असे ते म्हणाले. बाईने इन्सुलिन घेतले नाही.

तिसऱ्या खेपेच्या आदल्या दिवशी दुपारी दोघी बहिणी देवळीखाली बसल्या होत्या. मी वरून ऐकत होतो.

"सुमन, उंद्या बी परत पाठवले तर म्या पुन्हा जाणार न्हाई," सावित्रीबाई म्हणाली. "असंच सडत पडीन."

"असं कामून बोलायलीस अक्का?"

"तुला साखर न्हाई. तू दे की रक्त. नाव माझंच सांग."

सुमनबाई तिच्याकडे वळली. "ते रेशन हाय व्हय अक्का? रक्त हाय."

"एवढ्या रांगा लावलीस माझ्यासाटी. ही एक लाव."

सुमनबाईने मान डोलावली. मला ओरडावेसे वाटले. पण बोट लावल्याशिवाय मला तोंड उघडता येत नाही.

पंचशीलाला यातले काही ठाऊक नव्हते. तिने मात्र आधीच माझ्यासाठी नवा सेल आणि पट्ट्यांची नवी डबी आणून ठेवली होती. सकाळी निघण्यापूर्वी तिने सासूचे बोट टोचले. मी आकडा दाखवला: दोनशे अडुसष्ट. पंचशीलाचा चेहरा पडला. "बघू लॅबमधी काय येतंय ते," ती हळूच म्हणाली. तिला घरी थांबावे लागले, मुलाला ताप होता. प्रेमानंद दोघींना घेऊन गेला.

पुढचे मी नंतर ऐकले. बिदरच्या नौबाद भागातल्या एका लॅबमध्ये तोबा गर्दी होती. सावित्रीबाई बाहेर रिक्षातच बसून राहिली. प्रेमानंद पलीकडे छातीच्या फोटोसाठी नंबर लावायला गेला. आतून हाक आली, "सावित्रीबाई माणिकराव कौन है? आव अम्मा, जल्दी." सुमनबाई कार्ड घेऊन आत गेली आणि तिने बाही वर केली.

संध्याकाळी प्रेमानंदच्या मोबाईलवर रिपोर्ट आला. उपाशीपोटीची साखर चौऱ्याण्णव. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणीही उत्तम. प्रेमानंद आनंदाने ओरडलाच.

"आत्या, सकाळी तर दोनशे अडुसष्ट व्हती," पंचशीला सासूला म्हणाली.

"जुनी झाली ती मशीन," सावित्रीबाई तिच्याकडे न बघता म्हणाली. "टाकून दे."

"लॅबचं कंप्युटर खोटं बोलतंय का?" प्रेमानंद हसला.

पंचशीलाने मला हातात घेऊन उलटसुलट पाहिले. तिला शंका होती, मी तिच्या बोटांवरून ओळखले. पण तिलाही सासूला चालताना पाहायचे होते. तिने शंका गिळली. सुमनबाई दारातूनच परत फिरली. प्रेमानंदने मला उचलून त्याच्या नटबोल्टच्या डब्यात टाकले. मित्रांनो, आयुष्यात मी एकदाही खोटा आकडा दाखवला नव्हता, आणि खोटा ठरून मी नटबोल्टांत जाऊन पडलो. मला फार वाईट वाटले. पण तेव्हा मी माझ्याच अपमानाचा विचार करत होतो, याची आता लाज वाटते.

डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून सावित्रीबाईचे कौतुक केले. एवढी साखर खाली आणली, शाब्बास अम्मा, म्हणाले. शस्त्रक्रियेच्या सकाळी वॉर्डातल्या मशीनने दोनशे बारा दाखवले, तेव्हा तिथल्यांना वाटले, बाई घाबरली आहे, भीतीने साखर वाढते. सरासरीचा रिपोर्ट चांगला होताच. त्यांनी सलाईनमधून औषध दिले आणि शस्त्रक्रिया केली. दुसऱ्या दिवशी सावित्रीबाई वॉकर धरून बारा पावले चालली. प्रेमानंदने फोनवर ते सगळ्या गल्लीला दाखवले. डब्यात मला फक्त टाळ्या ऐकू आल्या.

बारा दिवसांनी टाक्यांतून पाणी यायला लागले. मग पू. मग ताप, हुडहुडी, बडबड. बिदरला गुडघा पुन्हा उघडून धुतला. चार दिवसांनी परत धुतला. तरी थांबेना, म्हणून कलबुर्गीच्या मोठ्या दवाखान्यात हलवले. निघताना पंचशीलाने नटबोल्टच्या डब्यात हात घातला, मला शोधून काढले आणि पदराने पुसून पर्समध्ये टाकले.

कलबुर्गीला नर्सबाईंनी त्यांच्या मशीनने साखर पाहिली. तीनशे एक्क्याऐंशी. पंचशीलाने त्याच बोटाचा थेंब मला दिला. तीनशे शहात्तर. तिने दोन्ही पडद्यांकडे पाहिले.

"ही मशीन बरोबर हाय," ती म्हणाली. "मग त्या दिवशीचं रक्त कुणाचं व्हतं?"

 सुमनबाईने पुढे येऊन आपले बोट पंचशीलासमोर धरले. पंचशीलाला टोचवेना. सुमनबाईने सुई तिच्या हातातून घेतली आणि स्वतःच टोचून घेतले. मी आकडा दाखवला: सत्त्याण्णव.

"मावशे, कामून केलीस असं?" प्रेमानंद ओरडला. "माझ्या मायला मारायला निघालीस व्हय?"

"चुकलं माझं," एवढेच सुमनबाई म्हणाली. आपल्याला कुणी पाठवले होते ते तिने सांगितले नाही. खाटेवर सावित्रीबाईचे डोळे मिटलेले होते. पण ती जागी होती. मघाशी माझ्यासाठी तिने आपणहून बोट पुढे केले होते. तिने डोळे उघडले नाहीत.

पंचशीलाने सगळे डॉक्टरांना सांगितले. त्यांनी इन्सुलिन सुरू केले, दर चार तासांनी साखर मोजली. जीव वाचला. पाय वाचला नाही. गुडघ्याच्या वर, मांडीतून कापावा लागला. दाढा उपटल्या, मिश्री सोडली, टॉवेल दाबून दाबून मांडी बळकट केली, ती मांडी तेवढी उरली.

प्रेमानंदने मावशीला घराची पायरी चढू नकोस म्हणून बजावले. सुमनबाई घराला कुलूप लावून कोहिनूर गावाला, आपल्या लेकीकडे शिवकन्येकडे निघून गेली. गल्लीत लोक तिच्याबद्दल नाही नाही ते बोलले. सावित्रीबाई ते खाटेवरून ऐकायची. दोन महिने ऐकत राहिली. मला तिचा संताप यायचा. सगळे ठाऊक असून मलाही आकड्यापलीकडे काही बोलता येत नव्हते, म्हणून स्वतःचाही यायचा.

मग एका सकाळी पंचशीलाने तिचे बोट टोचले. प्रेमानंद दुकानाला निघाला होता. थेंब वर आला आणि सावित्रीबाईने हात मागे घेतला.

"सुमननं न्हाई केलं," ती म्हणाली. "ती नको म्हणायलती. म्याच पाठवले तिला."

प्रेमानंद चपला घालता घालता थांबला. "आन् दोन महिने गप बसलीस माय?"

"भ्याव वाटलं. पाय बी गेला, तुमी बी मला टाकून देचाल म्हणून."

तो तिच्यावर ओरडला नाही. भिंतीला टेकून खाली बसला आणि रडला. पंचशीलाने कोहिनूरला फोन लावून सासूच्या कानाशी धरला. सावित्रीबाईला हुंदक्यांमुळे बोलताच येईना. तिकडून सुमनबाईचा आवाज आला, मलाही ऐकू आला. तिने कसलाही दोष दिला नाही, कसली चौकशी लांबवली नाही.

"अक्का, आज साखर किती आली गं?" तिने विचारले.

सावित्रीबाईने वाळू लागलेला थेंब पुसला, दुसरे बोट टोचून घेतले आणि माझ्याकडे पाहत राहिली. तिला आकडे वाचता येत नाहीत. पंचशीलाने वाचून सांगितले. "एकशे बासष्ट," सावित्रीबाईने फोनमध्ये जसेच्या तसे सांगितले.

मित्रांनो, माझ्या कडा आता झिजल्या आहेत, पडद्याचा एक कोपरा अंधूक झाला आहे. माझी काळजी घ्या असे मी म्हणणार नाही. पट्ट्यांच्या डबीचे झाकण तेवढे घट्ट लावा, बाकी मी पाहून घेईन. पण तुमच्या घरी आजी असेल, काका असतील, आणि आकडा वाईट येईल, तेव्हा त्यांच्यावर रागावू नका. डॉक्टर परत पाठवतील म्हणून त्या माणसाला घरातच तोंड लपवावे लागू नये, एवढे करा. सुईची भीती वाटत असेल तर त्याच्याजवळ बसा. मला हव्या तेवढ्या शिव्या द्या, मी उद्याही खरेच सांगेन. मात्र तपासणीला बोट ज्याचे त्याचेच पुढे करा, कारण नंतर पाय कापायची वेळ येते तेव्हा बहिणीचा पाय चालत नाही.