भरलेली बाटली

मेजावर साठ काडतुसं होती, सहाच्या दहा रांगांत. डावीकडे वजनकाटा, त्याच्या पायाशी वाळलेल्या कुंकवाचं बोट. उजवीकडे बंदुकीच्या पावडरच्या दोन काळ्या बाटल्या: एक उघडलेली, अर्ध्याहून जास्त भरलेली, आणि एक सीलबंद. भिंतीशी आणखी एक तशीच बाटली होती. तिच्यात पाणी आणि माना टाकलेले पाच झेंडू.

चंद्रहासने शेवटच्या रांगेवरून अंगठा फिरवला. उद्या सकाळी त्याची लेक अस्मिता हीच काडतुसं घेऊन तीनशे मीटरच्या रेंजवर उतरणार होती. सहाशेपैकी पाचशे सत्तर गुण झाले तर क्लबच्या संघात जागा. पुढच्या वर्षी ती कॅनडाला शिकायला जाणार होती, म्हणजे संधी ही एकच.

पावडर या खोलीबाहेर नेली तर सरळ तुरुंग. म्हणून काडतुसं भरायला चंद्रहास आखाती शहरातल्या अल कुसैसच्या घरून तासभर गाडी हाणत वाळवंटातल्या या क्लबात यायचा. क्लबच्या परवानगीने गेली कित्येक वर्षं तो हे काम करत होता, आणि नव्या सभासदांना शिकवतही होता. आज सोबत भाची होती. पर्णिका पुण्याहून केमिस्ट्रीत एमएस्सी करून नोकरी शोधायला आली होती.

"मामा, ही फुलं आता टाकू या. वास मारतोय."

"टाक. बाटली ठेव मात्र. चांगली आहे."

"मामी पण श्रीखंडाचे डबे असेच साठवते," ती हसली. पाणी ओतता ओतता तिने बाटली उजेडाला धरली आणि हसू थांबलं. "मामा, हिच्यावरचा नंबर वेगळा आहे. कंपनी तीच, शेवटचा आकडा वेगळा."

चंद्रहासने चष्मा चढवला. आकडा वाचला. मग पुन्हा वाचला.

खंडेनवमीला त्याने खोली धुऊनपुसून घेतली होती, हत्यारांना कुंकू लावलं होतं. घरून निघताना बायकोने, नीलिमाने, बजावलं होतं, "पूजेत भांडं अर्धवट ठेवू नका हं. भरून ठेवा." फळीवर दोन अर्धवट बाटल्या दिसल्या. रंग तोच, कंपनी तीच. एकीत उरलेली मूठभर दुसरीत ओतली, ती काठोकाठ भरली, बरं वाटलं. चष्मा गाडीत होता. रिकामी झालेली बाटली टाकवेना, म्हणून तिच्यात झेंडू ठेवले. मेजावर एका वेळी एकच उघडी बाटली, हा नियम तोच सगळ्यांना घोकून घ्यायला लावायचा.

पर्णिकाने उघड्या बाटलीतली चिमूटभर पावडर पांढऱ्या कागदावर पसरली आणि भिंग धरलं. बारीक, काळपट नळ्या. बहुतेक एका मापाच्या, पण मधूनमधून काही निम्म्या लांबीच्या. तिने शंभर मोजल्या.

"आखूड एकोणीस."

"मूठभरच ओतली होती गं."

"ओतलेली वर राहिली, मामा. आणि काडतुसं वरच्याच पावडरने भरलीत. कशात किती गेली, कुणाला ठाऊक?"

आखूड नळ्यांची पावडर जास्त वेगाने जळते, हे चंद्रहासला माहीत होतं. दाब वाढला तर रायफलचा बोल्ट, काडतुसामागची पोलादी खीळ, फुटून मागे येऊ शकतो, आणि तो नेमबाजाच्या गालापासून चार बोटांवर असतो, हेही.

"काही होणारही नाही कदाचित," तो म्हणाला.

"पहिली गोळी तुम्ही झाडाल?"

"झाडीन की."

"आणि अस्मिताला द्याल?"

त्याने उघड्या बाटलीला झाकण लावून ती बाजूला सरकवली. पर्णिकाने सीलबंद बाटलीकडे बोट केलं. "ही?"

"ती जड गोळीसाठीची. अस्मिताच्या रायफलवर कधी तपासलेली नाही. न तपासलेली पावडर मी परक्याच्या पोरीलाही देत नाही."

त्याने शस्त्रागार सांभाळणाऱ्या सायराला बोलावलं. ती आली, बाटल्या पाहिल्या, कमरेवर हात ठेवले.

"चंद्रहास भाई, आप? मला वाटलं असतं, तो नवा सभासद डॉक्टर असेल."

"मैं ही. लिख लो. और मैच से पहले सबको मैं खुद बताऊँगा."

"खलास. ही खोली बंद. साठ के साठ मेरे पास." तिने काडतुसं पेटीत भरली, बाटली उचलली. "नष्ट करायला पोलिसांचं पथक येईल. आणि तुमचं भरण्याचं काम चौकशी होईपर्यंत बंद. समझ गये ना?"

"समझ गया."

अस्मिता बाहेर सावलीत रायफल पुसत होती. चंद्रहासने तिला सगळं सांगितलं, पूजेपासून. आईचं नाव मात्र घेतलं नाही. तिने फडक्याची घडी घातली.

"बाबा, आय हॅव नेव्हर शॉट विथ फॅक्टरी राउंड्स."

"माहितीये बाळा. आता क्लबची विकतची काडतुसंच उरलीत."

"दे ऑल ग्रुप लो-लेफ्ट इन माय रायफल."

"तेही माहितीये, खाली डावीकडे जातात. नाव मागे घ्यायचं असेल तर मी सायराला सांगतो."

"नो." तिने रायफल पेटीत ठेवली. "यल्ला, घरी चला. आय नीड टू स्लीप."

सकाळी क्लबने विकत दिलेल्या काडतुसांची पेटी तिने स्वतः फोडली. चंद्रहास दोरीच्या मागे उभा राहिला. पूजेच्या दिवशीची चूक त्याने सगळ्यांसमोर उभं राहून सांगितली होती. आता त्याच्या शेजारी कुणी बोलत नव्हतं, फक्त पर्णिकाने त्याची बाही धरली होती. पहिली गोळी सुटली तेव्हा त्याने डोळे मिटले. उघडले तेव्हा अस्मिता बोल्ट मागे ओढत होती.

साठ गोळ्यांनंतर बेरीज: पाचशे त्रेसष्ट.