कागदी टाकीचा तळ

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं कापड बेतलं, म्हणून मास्तर. आणि त्यांची बायको, म्हणून ती मास्तरीणबाई. कापडाचे साठ थर एकावर एक रचून, वर खडूनं एक रेघ ओढून, एका दमात कापून काढणारा हात होता तो. आता त्याच हातातला पाण्याचा पेला तोंडापर्यंत पोचेतो अर्धा सांडतो. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या, आणि "हळूहळू वाढत जाईल" हे मात्र टेबलावरच्या कागदांना सांगितलं. मास्तरांच्या तोंडाकडे त्यांनी बघितलं नाही.

कारखाना सुटला. छंद राहिला. छंद कसला, तर कागदाच्या इमारती. मास्तर संगणकावर एखादं घर, पूल, गिरणी अशी उलगडून काढत, की सगळं कागदावर सपाट पडावं. मग कुणीही ती पानं जाड कागदावर छापायची, कापायची, दुमडायची, चिकटवायची. घर उभं राहतं. कापड बेतणाऱ्याला यात नवल वाटत नाही. माणसाचा खांदा गोल, कापड सपाट. हे सपाट त्या गोलावर बसवायचं, एवढीच तर ती विद्या.

हे नमुने ते जगाला असेच देऊन टाकायचे. कुठली कुठली माणसं ते बांधून फोटो पाठवायची. रात्रपाळी करणाऱ्या एका परिचारिकेनं एकदा लिहिलं होतं, "मास्तर, तुमचं बांधताना मला कधीच वाटत नाही की मी अडाणी आहे." ते पत्र मास्तरांनी तीनदा वाचून दाखवलं होतं, चौथ्यांदा बायको म्हणाली, "आता पाठ झालं, परीक्षा घ्या."

त्यांचा नेम एकच. जे आपण स्वतः कापून, दुमडून, चिकटवून बघितलं नाही, ते दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही.

आता नेम पाळायला हात कुठून आणायचे?

मागच्या खिडकीतून पाण्याची टाकी दिसते. आठ पाय, वर गोल भिंत, भिंतीखाली नरसाळ्यासारखा निमुळता होत गेलेला तळ, आणि डोक्यावर झाकणासारखं छप्पर. चार महिने लागले मास्तरांना ती संगणकावर काढायला. दोन्ही हातांनी माऊस धरायचे. काढून झाली, तशी एका संध्याकाळी मास्तरीणबाई कामावरून येऊन चपला काढत होती, तर म्हणाले,

"अगं, जरा एक काम होतं."

"तुमचं 'जरा' मी लग्नापासून ओळखते. बोला."

"टाकी बांधायची आहे."

"का? नळाला पाणी येतंय की."

"कागदाची."

ती खाली बसली. ती एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात होती. दिवसभर उभं राहून गरम चादरींच्या घड्या घालायच्या.

"अहो, सहाशे चादरी घडी करून आले मी. आता घरी येऊन कागदाच्या घड्या घालू?"

"म्हणून तर म्हणतो. घडीत तुझा हात कोण धरणार?"

"लोणी नका लावू. पोळी करपलेली आहे आधीच."

मास्तर हसले नाहीत. म्हणाले, "हात गेले ते गेले. त्याचं मी काही म्हणत नाही. पण परवा मला आपल्याच घराचा नंबर आठवेना. दारात उभा राहून आठवत होतो. आता हे हातापुरतंच आहे की डोक्यातही शिरलंय, कसं कळायचं मला? ही टाकी मी नुसत्या डोक्यानं काढली आहे. ती बरोब्बर बसली तर डोकं जागेवर आहे. नाही बसली तर..."

"तर काय?"

"तर बंद करायचं. चुकीचं बेतून लोकांचा कागद फुकट घालवायचा नाही."

ती उठली, हात धुतले आणि म्हणाली, "द्या ती कात्री."

पुढचे पंधरा दिवस रोज सात ते साडेआठ टाकीचं काम. मास्तर समोर खुर्चीत, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, म्हणजे थरथर दिसू नये. आणि ती टेबलाशी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

"रेघेच्या आत नको. बाहेर नको. रेघेवर."

"रेघ म्हणजे डोंबाऱ्याची दोरी आहे का, वर चालायला?"

"घडीआधी बोथट सुरीनं खूण ओढ. म्हणजे कागद सांगितल्या जागीच वाकतो."

"बरंय त्याचं. माझ्या घरात सांगितल्या जागी कुणीच वाकत नाही."

तरी आठ पाय उभे राहिले. पाय गुडघ्यात वाकले नाहीत, हे बघून तिलाही मनातून बरं वाटलं. तिचे स्वतःचे गुडघे त्या दिवसांत तिला तसं सुख देत नव्हते.

मग एके दिवशी गोंदाची बाटली कलंडली, आणि नेमकी तळाच्या पानावर. मास्तर तेव्हा आत गोळ्या घेत होते. तिनं ते पान पटकन गुंडाळलं. सांगितलं असतं तर काय झालं असतं? काही नाही. पण दमलेल्या माणसाला एक वाक्यही जड होतं. नमुना तिच्या फोनवर होताच; घरी छापायची सोय नव्हती, आधीची पानं दुकानातून आणलेली. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं इस्पितळाच्या दप्तरातल्या कारकुनाला तेवढं एक पान छापून मागितलं. भला माणूस. पहिली प्रत त्याला पसंत पडली नाही, त्यानं दुसरी काढली आणि हसून हातात दिली.

त्या संध्याकाळी तळाचं नरसाळं वळलं. सुरेख वळलं. मग भिंतीची लांब पट्टी त्याच्या काठाभोवती गुंडाळायला घेतली, तर पट्टी उरली. जवळजवळ करंगळीच्या रुंदीएवढी. तिनं सोडवून पुन्हा गुंडाळली. पुन्हा तेवढीच उरली.

तिनं चष्म्यावरून बघितलं. मास्तर डोळे मिटून बसले होते. चेहऱ्यावर दिवसभराचा शीण. आता यांना सांगायचं की तुमचा हिशेब चुकला? म्हणजे यांना सांगायचं की तुमचं डोकंही गेलं?

तिनं कात्री उचलली आणि जास्तीची पट्टी कापून टाकली. टोकं जुळली.

"बसला तळ?" मास्तरांनी डोळे न उघडता विचारलं.

"बसला."

"जसाच्या तसा?"

"जसाच्या तसा."

कपटा केराच्या डब्यात गेला. खोटं बोलल्यासारखं तिला वाटलं नाही. पांघरूण सरळ केल्यासारखं वाटलं. माणसाचं असंच आहे. दुसऱ्याला लागू नये म्हणून तो खरं लपवतो आणि वर स्वतःला पुण्यवान समजतो. देव मात्र वर बसून कपाळाला हात लावत असेल.

पुढचे तीन दिवस इस्पितळात तापाच्या रोग्यांची गर्दी, चादरींचे ढीग. ती घरी यायची, दोन घास खायची आणि आडवी व्हायची. टाकी टेबलावर डोकं नसल्यासारखी उभी. मास्तर गप्प होते. ती म्हणाली, "गोळ्या बदलल्यात, त्यानं होत असेल." ते म्हणाले, "असेल." एकदा ते बराच वेळ संगणकासमोर बसलेले तिनं बघितले. बरं वाटत असेल, म्हणून ती जवळ गेली नाही.

सुट्टीच्या दिवशी सकाळी अंघोळ करून तिनं छप्पर घेतलं. फार काही नव्हतं. गोल चकती, तिच्या काठाला खाली दुमडायच्या पट्ट्या, त्या भिंतीच्या आत सरकवायच्या. डब्याचं झाकण. तिनं पट्ट्या दुमडल्या, वर ठेवलं. आत जाईना. दाबलं. भिंत फुगली. मोठ्या माणसाची टोपी लहान पोराला घालावी तसं ते छप्पर चारी बाजूंनी बाहेर आलं.

तिनं पुन्हा कात्री उचलली. चकती गोल कापत नेली की झालं. आणि मग? पायांना वरून जोडणारं कडं राहिलं होतं. ते बसणार नाही, तेही कापायचं. शिडी उंच होईल, तिची पायरी उडवायची. एक कापलं की दुसरं कापावं लागतं, दुसरं कापलं की तिसरं. आणि हे सगळं कापून शेवटी एक टाकी उभी राहील, तिच्या घरात, एकच. ती रात्रपाळीची परिचारिका आपल्या घरी हेच पान छापेल, तिला काही बसणार नाही, आणि ती स्वतःला अडाणी म्हणेल.

कात्री हातात धरूनच ती बसून राहिली. उठायचंही त्राण नव्हतं.

"अहो," ती म्हणाली, "इकडे या जरा."

मास्तर आले. टाकी बघितली.

"त्या दिवशी मी खोटं बोलले. तळ बसला नव्हता. भिंत उरत होती, मी ती कापली."

"माहीत आहे."

"काय?"

"कात्रीचा आवाज आला होता. एकतीस वर्षं तोच ऐकला ना. जिथे कापायचं नाही तिथे कात्री वाजली की झोपेतही कळतं. सकाळी केरात कपटा शोधला. नऊ मिलिमीटर."

तिचा आवाज चढला. "मग बोलला का नाहीत?"

"तू इतकी दमली होतीस. माझ्यासाठी केलंस. तुला काय म्हणून तोंडावर पाडायचं?"

"आणि तीन दिवस मनात घेऊन बसलात?"

"बसलो नाही. दुरुस्त केलं." मास्तर खुर्चीत टेकले. "भिंत तीनशे चौदाची होती. तीनशे पाच करून टाकली. सात वेळा हिशेब केला मी. दर वेळी तीनशे चौदाच येतं. पण हिशेब करणारं डोकंच बिघडलं असेल तर साक्ष कुणाची काढायची? तुझ्या हातात कागद होता. कागदाला आजार नसतो. म्हटलं, कागद खरा, मी खोटा. एवढं शेवटचं नीट करून ठेवावं आणि लोकांना लिहून टाकावं, की मास्तर थांबले."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "सात वेळा तेच आलं?"

"सात वेळा."

"बिघडलेलं डोकं सात वेळा सारखंच बिघडतं होय? माझं तर चांगलं असून दोनदा सारखं चालत नाही."

मास्तर थबकले. तळ ज्या पानातून कापला होता त्याचं उरलेलं पान त्यांनी मागितलं. तिनं रद्दीतून काढून दिलं. खालच्या कोपऱ्यात एक बारीक काळी रेघ होती.

"ही मी प्रत्येक पानावर ठेवतो. बरोबर पाच सेंटिमीटर. पान नीट छापलं की नाही हे बघायला. मोजपट्टी लाव. माझ्या हातात ती स्थिर नाही राहायची."

तिनं पट्टी लावली. "अठ्ठेचाळीस. आणि वर अर्धा."

"परत बघ."

"बघितलं. साडेअठ्ठेचाळीस मिलिमीटर. पन्नास नाही."

"आता भिंतीचं पान." त्यावरची रेघ पन्नास होती. नेमकी. छपराचीही पन्नास.

मास्तरांनी विचारलं, "हे तळाचं पान कुठं छापलंस?"

मग गोंदाची बाटली निघाली, गुंडाळलेलं पान निघालं, दप्तरातला कारकून निघाला. पहिल्या प्रतीत चित्राचा काठ कापला जात होता म्हणून त्या भल्या माणसानं सगळं पानात मावेल असं थोडं लहान करून छापलं होतं. ताईंचं चित्र कापलं जाऊ नये म्हणून.

"म्हणजे तळ लहान आला," ती म्हणाली, "भिंत बरोबर होती."

"भिंत बरोबर होती."

"आणि तुम्ही ती चुकीची केलीत."

"आणि मी ती चुकीची केली."

हसू येण्यासारखं होतं. ते दोघांच्याही ओठापर्यंत येऊन दमून परत गेलं. मास्तरांनी डोळे पुसले. हात थरथरत होता, त्यामुळे पुसायला वेळ लागला.

"डोकं शाबूत आहे म्हणायचं," ते म्हणाले.

"आज तरी आहे."

कडू बोलली, पण मास्तरांना ते औषधासारखं लागलं. ते म्हणाले, "तेच विचारायचं होतं. पुढे कधी ते खरंच चुकलं, तुला दिसलं, तर सांगशील?"

हो म्हणायला काय लागतं? पण हे हो पुढची कितीतरी वर्षं उचलायचं होतं, आणि तिचे खांदे आधीच भरलेले होते.

"सांगेन," ती म्हणाली.

"कापणार नाहीस?"

"नाही. आणि तुम्ही केर उपसत बसायचं नाही. जे असेल ते तोंडावर विचारायचं. मग मी कितीही दमलेली असू दे."

"बरं."

"बरं नाही. हो म्हणा."

"हो, बाई, हो."

मास्तर संगणकाशी जाऊन बसले. नमुना उघडला. भिंतीच्या लांबीच्या चौकटीत तीनशे पाच होतं, ते खोडून तीनशे चौदा लिहायचं होतं. त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं. पहिल्यांदा तीन दोनदा पडला. खोडला. मग एकाच्या ऐवजी शेजारची कळ दाबली गेली. खोडली. ती मागे उभी होती. तिचं बोट दोनदा पुढं गेलं. एका टिचकीचं काम होतं. दोन्ही वेळा तिनं हात मागे घेतला आणि पदरात गुंडाळून ठेवला.

"दोनशे चौदा पडलंय," ती म्हणाली.

"हो का? बघतो."

त्यांनी खोडलं आणि पुन्हा सुरुवात केली. ती शेजारची खुर्ची ओढून, पाय वर घेऊन, थांबून राहिली.