तिच्या हातचं

मिक्सरच्या झाकणातलं रबर दोन मिलिमीटर जाड होतं आणि त्यामागची खाच त्याहून थोडी खोल. तिने टाचणीने ते उचकटलं, खिडकीच्या उजेडात धरलं. स्वच्छ होतं. तरी पुन्हा उकळत्या पाण्यात टाकलं. तिसऱ्यांदा.

रबर नवं होतं. मिक्सरही नवा. वर्षभरात या घरात शेंगदाण्याचा एक दाणा आला नव्हता.

गेल्या वर्षी, याच सुट्टीच्या जेवणाला, भाचीने सूपचे दोन-तीन चमचे घेतले आणि तिचे ओठ सुजले. मग श्वास घरघरू लागला. पाच वर्षांची पोर चार दिवस दवाखान्यात होती. शेंगदाणे तिला चालत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. जेवणाआधी दादाने पाकीट न वाचताच तिला एक बिस्किट दिलं होतं. खापर त्याच्यावर फुटलं.

दुसऱ्या दिवशी भांडी घासताना तिने झाकणाचं रबर काढलं. खाचेत तपकिरी पूड होती. सकाळी तिने त्याच भांड्यात शेंगदाणे दळले होते, दुपारी सूप. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत ती कामाला होती; लोकांनी आणलेल्या बाटल्या नीट धुतलेल्या नसल्या तर ती परत पाठवायची.

उद्या सांगू, असं म्हणता म्हणता वर्ष गेलं.

बेल वाजली.

“आत्या!” भाची थेट आत धावली. मागून दादा.

“काय गं, आज पोटभर वाढणार की थेंब मोजून?”

“तुला थेंबच,” ती म्हणाली आणि स्वतःच्याच हसण्याने दचकली.

वहिनी रिकाम्या हातांनी आली होती. “सगळीकडे हिचा डबा नेते. तुझ्याकडे तेवढा नाही आणला. तुझं काम म्हणजे काय, डोळे झाकून खावं.”



टेबलावर भाजलेले बटाटे, मटार, पाव, सूप. वाफेने खिडकीची काच धूसर झाली होती. भाचीने पहिला चमचा तोंडात घातला. ती भाचीच्या ओठांकडे बघत राहिली. दुसरा. तिसरा. पोरीचे श्वास ती मनात मोजत होती. सहाव्या चमच्याला भाचीने वर पाहिलं, ओठांवर सूपची मिशी.

“आणखी!”

“बघा, घरी दोन घास खायला तासभर लावते,” वहिनी म्हणाली, आणि सगळे हसले. तीही. कितीतरी महिन्यांनी या खोलीत इतका गलका होता. तिला तो हवाहवासा वाटला, आणि त्याच क्षणी नजर पुन्हा भाचीच्या ओठांवर गेली.

दादाने पावाचा तुकडा मोडून लेकीच्या तोंडाशी नेला.

“तुम्ही राहू द्या हं,” वहिनी म्हणाली. “एकदा भरवलंत तेवढं पुरे.”

वहिनी हसतच म्हणाली होती. दादाही हसला. पण त्याचा हात मागे आला. तुकडा त्याने बहिणीच्या ताटलीत ठेवला आणि बोटं रुमालाला पुसली, प्रत्येक बोट वेगळं.

“तूच दे. तुझ्या हातचं चालतं तिला.”

भाची तोंड उघडून वाट बघत होती.

तिने तुकडा उचलला. दादाचा हात ओढून त्याच्या तळव्यावर ठेवला.

“तू भरव.” मग ती वहिनीकडे वळली. “वहिनी, गेल्या वर्षी बिस्किटाने काही झालं नव्हतं. माझ्या सूपमध्ये शेंगदाणे गेले होते.”