शांततेचं कपाट

शाळेनं वर्गात मोबाइल बंद करायचं ठरवलं आणि कपाटांचं काम आमच्या गल्लीतल्या सुताराला दिलं. प्रत्येक वर्गाबाहेर एक कपाट, प्रत्येक पोराला एक खण. सकाळी फोन आत, शाळा सुटली की बाहेर. सुतार कामाला चोख. खणांना आतून त्यानं असं जाड कापड लावलं, की फोन आत कितीही बोंबलला तरी बाहेर मुंगीलाही पत्ता लागू नये.

"इतकी शांतता लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकतेय," मोठ्या बाई म्हणाल्या.

कपाटं बसली त्या दुपारी सुताराचा फोन वाजला नाही.

बायको गेल्यापासून घरी तो आणि त्याची नववीतली पोर, दोघंही मिठाची गुळणी धरून बसत. पण शाळेत गणिताचा तास सुरू झाला की पोरीला कंठ फुटे. 'बाबा, सर चष्मा शोधतायत. डोक्यावरच आहे.' 'आईची निळी साडी कुणाला देऊ नका.' 'काल रडत होतात का?' भुसा लागलेल्या अंगठ्यानं तो उत्तर द्यायचा : 'नाही. सर्दी.' वर्गात फोन वापरतात ती दुसऱ्यांची कार्टी, असं प्रत्येक बापाला वाटतं. त्यालाही वाटलं होतं.

महिनाभर कळ काढून तो मोठ्या बाईंकडे गेला.

"बाई, आमच्या माऊचा खण... उघडा ठेवला तर?"

"अहो, चौकीदारानंच चोरासाठी दार उघडं ठेवा म्हणावं तसं झालं हे! आणि तिचे गणितातले मार्क बघा की. पहिल्यांदा पास झालीय."

मार्क खरंच वाढले होते. भांडायलाही जागा उरली नाही. वर बाईंनी आणखी दोन शाळांना त्याचं नाव सुचवलं.

त्या संध्याकाळी पोर फोन हातात घेऊन समोर बसली होती. त्यानं घसा खाकरला.

"आज काय झालं शाळेत?"

"शिकवलं."

"सर?"

"सरच शिकवतात, बाबा."

"नाही, म्हणजे... आधी कसं लिहायचीस. आता लिही की. फोन आहे ना हातात."

तिनं मान वर केली. फोन मांडीवर उपडा ठेवला.

"आता कसं लिहू? तुम्ही समोर बसलाय."

"मग बोल."

"तेच तर येत नाही ना."

तो उठून बाहेरच्या खोलीत गेला आणि अंधारात फोन मांडीवर ठेवून बसला. आतून तिच्या टाइप करण्याचा बारीक टकटक आवाज येत होता. आवाज थांबला. पुन्हा सुरू झाला. पुन्हा थांबला. मग तिनं दिवा मालवला. त्याचा फोन वाजला नाही.

सकाळी दुसऱ्या शाळेचा माणूस कपाटांची मापं घेऊन दारात उभा होता. पोर त्याच्या बाजूनं अंग चोरून शाळेला गेली.

"कापड तेच लावा हं," माणूस म्हणाला. "काहीच ऐकू येत नाही म्हणे."

"नाही येत," सुतार म्हणाला आणि मापं लिहून घेऊ लागला.