पाचव्या दिवसाची घुरघुर

मावशीच्या बैठकीच्या खोलीत त्या दिवशी एकोणीस माणसं होती, सहा खुर्च्या, नऊ मासे आणि एक पंप. खुर्च्या लवकर आलेल्यांनी धरल्या होत्या, बाकीचे भिंतीला टेकून उभे होते. सगळ्यांच्या नजरा माशांच्या टाकीवर, म्हणजे खरं तर टाकीखालच्या लाकडी कपाटावर खिळलेल्या. कपाटातून आवाज येत होता. आधी बारीक खरखर, मग घुर्रर्र, मग कुणी तोंडात पाणी धरून बोलू पाहावं तसा लांबट सूर.

"आले," शेजारची शिंपीणकाकू कुजबुजली. "काका आले!"

माझ्या मोबाइलमधलं आवाज मोजायचं ॲप एकसष्ट डेसिबल दाखवत होतं.

काका, म्हणजे मावशीचे यजमान, जाऊन अडीच महिने झाले होते. टाकी त्यांचीच. ते गेले आणि आठवडाभरात ही घुरघुर सुरू झाली. मग शिंपीणकाकूने मौनीबाबांना आणलं. हे नाव त्यांना कुणी दिलं कोण जाणे. त्यांच्या जिभेला विसावा म्हणून नव्हता. दर पाचव्या दिवशी ते येत, कपाट उघडत आणि आतल्या छोट्या टाकीत, जिथे पंप बसवलेला होता तिथे, निळ्या फडक्याने झाकलेल्या बरणीतलं 'मौनजल' ओतत. तोंडाने अखंड पुटपुट. मिनिटभरात आवाज बंद! पुढे चार दिवस शांतता, पाचव्या दिवशी काका पुन्हा हजर. मधल्या दिवसांत त्या पाण्यात दुसऱ्या कुणी थेंबही घालायचा नाही, ही बाबांची सक्त ताकीद.

"ऐका, ऐका!" बाबा कपाटाला कान लावून म्हणाले. "ही घुरघुर नाही, ही विनवणी आहे. ते सांगताहेत, माझ्या बायकोच्या डोळ्याला शस्त्र लागू देऊ नका. शुक्रवार घातवार आहे!"

मावशीने पदर तोंडाला लावला.

घोडं इथेच पेंड खात होतं. मावशीला काचबिंदू होता. थेंबांनी डोळ्यातला दाब आटोक्यात येत नव्हता. "गेलेली नजर परत येत नाही, उरलेली वाचवायची आहे," असं डॉक्टरीणबाईंनी मला दोनदा बजावलं होतं. ऑपरेशनची एक तारीख या घुरघुरीपायी आधीच रद्द झाली होती. दुसरी येत्या शुक्रवारची होती.

महिनाभर मी त्या पंपाच्या मागे हात धुऊन लागले होते. पंप खोलून आतलं पातं जुन्या टूथब्रशने घासलं. आवाज तसाच. पंपाखाली स्पंजची घडी सरकवली. तसाच. पाइप कपाटाच्या पाठीला घासत होता, तो बांधून अलग केला. थरथर कमी झाली, घुरघुर नाही. शेवटी वैतागून नवा पंप आणला. नवा पंपही काकांच्याच आवाजात बोलला!

"बघ, पंप बदलला तरी माणूस तोच," शिंपीणकाकूने टोमणा मारला. "एवढं शिकलीस, काय उपयोग?"

राग काकूचा आला, त्याहून जास्त स्वतःचा. भौतिकशास्त्राची पदवी घेतलेली मी, आणि एका पंपापुढे हात टेकले होते.

दोन दिवसांपूर्वी टॉर्च घेऊन जमिनीवर पालथी पडले, तेव्हा छोट्या टाकीच्या काचेवर क्षारांच्या पांढऱ्या रेघा दिसल्या. सगळ्यात वरची रेघ आणि पाणी यांत तीन सेंटीमीटरचं अंतर. आज सकाळी तेच अंतर पाच भरलं. मी कपाळावर हात मारला. महिनाभर मी बाबांच्या मंत्रांना हसत होते, आणि हसण्याच्या नादात ते पाणी ओततात हे मी हिशेबातच धरलं नव्हतं.

आता बाबांनी बरणी रिकामी केली. घुरघुर थांबली. अडतीस डेसिबल.

"गेले," बाबा म्हणाले. "शब्द घेऊन गेले."

"परत बोलावू का?" मी विचारलं.

मी कपाटाशी बसले आणि मोजपात्राने छोट्या टाकीतलं पाणी बादलीत काढू लागले. एक लिटर. दोन लिटर. तिसरं काढता काढता खरखर सुरू झाली, मग घुर्रर्र.

"काका आले," मी म्हणाले. पाणी परत ओतलं. शांत. "काका गेले."

पुन्हा काढलं, पुन्हा ओतलं. तिसऱ्या वेळी मागून कुणीतरी खुदकन हसलं.

"मृतात्म्याची चेष्टा!" बाबा कडाडले. "शिवाय साधं नळाचं पाणी आणि माझं जल एक नव्हे. माझं दोन दिवस उघडं ठेवलेलं असतं, त्यातलं क्लोरीन उडून—" एवढं बोलून ते आयुष्यात बहुधा पहिल्यांदा गप्प झाले.

"बाबा," भिंतीपासचे एक आजोबा म्हणाले, "क्लोरीन हा कुठल्या मंत्रातला शब्द?"

बाबांनी फडकं गोळा केलं. बरणी राहिली, बाबा गेले.

मी सगळ्यांना जवळ बोलावून टॉर्चच्या उजेडात पंपाचं तोंड दाखवलं. वरच्या टाकीतून ओसंडलेलं पाणी खाली या छोट्या टाकीत उतरतं आणि पंप ते परत वर चढवतो. रोज थोडं पाणी हवेत उडतं, पण वरची पातळी तीच राहते आणि सगळी घट या छोट्या टाकीत दिसते. पाणी इथवर उतरलं की भोवरा होतो, पंप पाण्याबरोबर हवा ओढतो आणि घुरघुरतो. इथे पाच दिवसांत तीन लिटर उडतात. बाबांची बरणी तीन लिटरची होती. मध्ये कुणी पाणी घातलं असतं तर पाचव्या दिवशी काका आलेच नसते, म्हणून ती ताकीद.

"आवाज थांबला की कोण काय बोललं एवढंच धरून बसू नका," मी म्हणाले. "त्या वेळी आणखी काय काय बदललं ते बघा. मीही महिनाभर बघितलं नव्हतं."

मावशी मात्र हलली नव्हती.

"म्हणजे हे बोलत नव्हते?"

"नाही, मावशी."

"एकदाही?"

मी मान हलवली. ती टाकीकडे वळली.

"रोज सकाळी दात घासले की हातात प्लास्टिकचा मग घेऊन इथे वाकायचे," ती म्हणाली. "मला वाटायचं, मासे मोजतात. पाणी घालत होते होय!" मग नाक पुसून म्हणाली, "तरीच. जिवंतपणी चार शब्द धड बोलले नाहीत, आणि मेल्यावर दर पाच दिवसांनी भाषण?"

शिंपीणकाकू सगळ्यांत मोठ्याने हसली. जाताना खालच्या मानेने म्हणाली, "शुक्रवारी मी येईन गं सोबत. रिक्षा मी सांगते."

मावशीने माझ्या हातातलं मोजपात्र घेतलं. "कुठवर घालायचं ते दाखव. आणि रेघ जाड काढ, मला बारीक दिसत नाही."

मी लाल चिकटपट्टी लावली.

ऑपरेशन शुक्रवारी झालं. बारा दिवसांनी तपासणीला गेलो. निघण्याआधी मावशीने पट्टीपर्यंत पाणी घातलं आणि मी मोबाइल कपाटाशी धरला: अडतीस डेसिबल. डॉक्टरीणबाईंनी कागदावर उजव्या डोळ्यातला दाब लिहिला: ऑपरेशनआधी बत्तीस, आज चौदा.